लोनाडच्या लेण्यापर्यंत, नवऱ्याच्या मागे

भिवंडीत आयुष्य गेलं तरी लोनाडचं लेणं न पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत. परवापर्यंत मीही त्यातलीच. "इतकं जवळ आणि अजून पाहिलं नाहीस?" असं लोक विचारतात, आणि उलट विचारलं की कळतं, त्यांनीही पाहिलेलं नाही. टेकडीत कोरलेलं जुनं लेणं, आत खांडेश्वरी देवी, नवरात्रात गर्दी, एवढं ऐकून सगळ्यांना माहीत असतं. मी गेले ती लेणं बघायला नाही. माझा नवरा दर शुक्रवारी तिथे जाऊन काय करतो, ते बघायला गेले. लेणंही बघून झालं, म्हणून दोन्हींबद्दल लिहिते.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारची. लूमच्या गावाचा रविवार शुक्रवारीच येतो. धामणकर नाक्याच्या मागे आमचा छोटा कारखाना आहे, खाली कापड विणणारे लूम आणि वर घर. बाकीचे दिवस दोन्ही शिफ्टला पायाखालची लादी थरथरत असते. शुक्रवारी लूम थांबले की घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येतो आणि आपल्याकडे पंखा आहे हे आठवतं. या दिवशी नवरा आंघोळीलाही उशिरा उठायचा. दिवाळीनंतर अचानक तो पहाटे उठून टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन निघायला लागला. कुठे? "लोनाडला. डोंगर चढतो. डॉक्टर म्हणाले, चाला."

कुठले डॉक्टर? आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी डॉक्टरकडे जात नाही. नंबर मी लावते, फाइल मी सांभाळते.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण फोन आला की हा तडक गच्चीवर जायचा, पाण्याच्या टाकीमागे. मी कपडे वाळत घालायला गेले की "नंतर बोलतो" म्हणून फोन बंद. घरात काहीही सांगा, "हो" म्हणायचा आणि करायचा काहीच नाही. गॅसचा नंबर लावा म्हटलं, हो. लाइटचं बिल भरा म्हटलं, हो. दोन्ही मलाच करावं लागलं. माणूस एवढा गोड कधी होतो, हे मला माहीत आहे.

माझं माहेर भिवंडीजवळच्याच पूर्ण्याचं. जिथे आम्ही भाताची आवणी केली तिथे आता गोदामं आहेत. माझा भाऊही असाच गोड झाला होता. फोन आला की अंगणात जायचा, आईला प्रत्येक गोष्टीत हो म्हणायचा. मग एक दिवस शेतात जेसीबी उभा राहिला आणि आम्हा बहिणींना तो बघून कळलं. त्यामुळे आता माझा हिशोब सरळ होता. हा कारखाना कोणाला तरी गोदामाला देतोय. लोनाडची बाजू म्हणजे गोदामंच गोदामं, दलालही तिकडेच बसत असणार. डोंगर नुसता सांगायला. आणि तो कारखाना गेला तर खाली भंगारात जाणाऱ्या लूमबरोबर माझी निम्मी जिंदगी जाणार होती. ताण्याच्या सुताचे बीम भरण्यापासून कामगारांच्या डब्यांपर्यंत मी तिथे राबले आहे.

गुरुवारी रात्री जेवताना सांगितलं, "उद्या मी पण येते लोनाडला."

"हो," तो भात कालवत म्हणाला.

सकाळी मला बूट घातलेली बघून दारातच थबकला. "तू कुठे?"

"काल सांगितलं ना. तुम्ही हो म्हणालात."

"मी? कधी?" मग घाईने, "हां, हां. पण चढ आहे गं. ऊन आहे. तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्याकडे आहेत. गाडी काढा."

*

शुक्रवार सकाळचा धामणकर नाका बघण्यासारखा असतो, कारण तो दिसतो. एरवी रिक्षा, हातगाड्या आणि सुताचे टेम्पो यांच्यामुळे नाका कुठे सुरू होतो तेच कळत नाही. चहाच्या टपरीवर माणसं निवांत बसली होती. सुट्टीच्या दिवशीही मोठ्याने बोलत होती. लूमवाल्यांना हळू बोलता येत नाही. मी स्कूटरवर मागे बसून नवऱ्याला दोन-तीन गोष्टी विचारल्या. एकीचंही उत्तर नाही. टोपीमुळे ऐकू आलं नाही म्हणावं तर ती कानाच्या वर होती. मी मनात नोंद केली.

हायवे सोडून आत वळलं की गोदामं लागतात. निळे पत्रे, लांबलचक भिंती, फाटकावर वॉचमन, आणि रस्त्याच्या कडेला झोपलेले ट्रेलर. प्रत्येक फाटकापाशी मी बघत होते, स्कूटर कुठे हळू होते का. एका चहावाल्यापाशी झालीच. "कोणाला भेटायचंय का?" मी खांद्यावर हात ठेवून विचारलं. तो वळून म्हणाला, "खड्डा आहे." खड्डा होता. तरी मी चहावाल्याचा चेहरा नीट बघून ठेवला.

गावात शिरलं की सगळं बदलतं. दोन वळणांपूर्वी ट्रेलर, आणि इथे कौलारू घरं, अंगणात वाळत टाकलेली मिरची, तलाव आणि जुनं शंकराचं देऊळ. आमच्या गल्लीत घराचा उंबरा ओलांडला की दुसऱ्याच्या कारखान्याची भिंत लागते, इथे माणसांना अजून अंगण आहे. किती दिवस ते माहीत नाही. स्कूटर देवळापाशी सावलीत लावली. जाणाऱ्यांनी तिथेच लावावी, पुढे सावली नाही.

पायथ्याशी एक आदिवासी बाई पळसाच्या पानांवर ताडगोळे मांडून बसली होती. होळी नुकतीच झालेली, म्हणजे हंगामाचे पहिलेच. मी ताडगोळे दाबून बघितले, पहिल्या मालात जून फार खपवतात. बाई नवऱ्याकडे बघून हसली.

"आज बायकोला आनलास व्हय रं शेट?"

नवरा नुसता हसला.

"तुम्ही ओळखता यांना?" मी विचारलं.

"वळखत न्हाय तं काय! दर सुक्करवारी येतंय. कवा काकड्या नेतं, कवा बोरं. दोघांचं नेतं."

"दोघांचं?"

"मंग! येकला खाईल का येवढं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पैसे काढण्यात गर्क होता, जणू बाई बोललीच नाही. इतका साळसूद चेहरा मी माझ्या भावाचाही बघितला नव्हता.

"वर भुयार हाय बरं का बाय," ताडगोळे पानात बांधताना बाई म्हणाली. "पार कल्यानला निघतं."

"कोण गेलंय त्यातनं?"

"कोन जातंय! पन हाय."

मी जी जी लेणी आणि किल्ले पाहिले तिथे एक भुयार असतंच, ते पुढच्या गावाला निघतं, आणि त्यातून गेलेला माणूस कधी भेटत नाही. पण त्या क्षणी मला भुयाराची फिकीर नव्हती. दोघांचं, म्हणजे दलालच असणार. किंवा दलालापेक्षा वाईट. या वयात काहीही होतं, आमच्या गल्लीत दोन उदाहरणं आहेत.

*

चढ अवघड नाही, पण उघडा आहे. सुरुवातीला पायऱ्या, मग मुरमाची वाट, मधे मधे पळस. पळस पेटल्यासारखा फुललेला होता, पण त्याला पानं नसतात, त्यामुळे सावली म्हणून त्याचा उपयोग शून्य. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, त्यातून उन्हाने तापलेल्या मातीचा वास. सकाळी आठनंतर चढायला घेतलंत तर पश्चात्ताप होईल. टोपी हवीच, छत्री चालेल. पाणी वर मिळेल यावर विसंबू नका. वर टाकं आहे, पण त्यातलं मी पिणार नाही आणि तुम्हीही पिऊ नये.

मागे वळून बघितलं तर गोदामांचे पत्रे उन्हात असे चमकत होते की डोळे मिटावे लागले. शेतं मधे मधे ठिगळासारखी उरली आहेत. मी पूर्ण्याची दिशा शोधत होते तेवढ्यात उजव्या पायाखाली काहीतरी सुटलं. बुटाचा तळवा पुढून उघडला होता. मुलाच्या लग्नाच्या आधी घेतलेले बूट, कपाटात ठेवून ठेवून त्यांचा गोंद वाळला. न वापरलेली वस्तू नवी राहते असं आपण समजतो.

"अहो!" मी हाक मारली. नवरा दहा पावलांवर पुढे होता. "अहो, थांबा! बूट फाटला!"

तो चालत राहिला.

"अहो!" गच्चीवरून नाक्यापर्यंत जाईल इतका माझा आवाज आहे. खालच्या वाटेवरून येणारी दोन माणसं थबकून वर बघायला लागली. नवरा वळणावरून दिसेनासा झाला.

मी दगडावर बसले. राग आला होता, पण खरं सांगायचं तर भीतीही वाटली. माणूस बायकोची हाक ऐकून चालत राहतो, म्हणजे त्याने मनाने काहीतरी ठरवून टाकलेलं असतं. पर्समध्ये कापडाच्या काठाची पट्टी होती. लूमवर कापड विणताना कडेची जी पट्टी सुटते ती आमच्याकडे कोणी टाकत नाही. पिशव्या, दरवाजे, टोमॅटोची रोपं, सगळं तिनेच बांधलं जातं. बूट पायासकट करकचून बांधला आणि निघाले. खालची दोन माणसं माझ्या पायाकडे बघत पुढे गेली. मी हळूच चढले. म्हटलं, वर नवरा ज्याला भेटतोय त्याला आणि नवऱ्याला सावध करायचं नाही.

*

लेणं अचानक समोर येतं. वाट वळते आणि कातळात लांब ओसरी दिसते, दगडाचे खांब, आणि बाहेरच्या उन्हानंतर आतला गारवा. एका बाजूला भिंतीवर कोरलेला राजाचा दरबार आहे, माणसं बसलेली, कोणी चवऱ्या धरलेली. नाकं-डोळे झिजून गेले आहेत, पण कोण कोणाकडे बघतंय ते अजून कळतं. जाणकार म्हणतात, मुळात हे बुद्धाच्या माणसांचं ठिकाण. आता आतल्या खोलीत शेंदूर लावलेली देवी आहे, गावच्या बाया ओटी भरून जातात. दोघांची सोय एकाच कातळात झालेली आहे आणि मला तरी त्यात काही अडचण दिसली नाही. हे सगळं मी नंतर बघितलं. त्या वेळी मी फक्त खांबामागे उभी राहिले.

ओसरीच्या टोकाला नवरा माझ्याकडे पाठ करून बसला होता. ताडगोळ्यांचं पान मधे. समोर दुसरा माणूस. बाई नव्हती, दलालही वाटेना. पांढरी दाढी, जाळीची टोपी, चेहरा अर्धा सावलीत. तो माणूस ओठ हलवत होता. आवाज अजिबात नाही. नुसते ओठ, सावकाश, काहीतरी पुटपुटल्यासारखे. नवरा पुढे झुकून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

बुवाबाजी! कारखाना गोदामाला देणं परवडलं, निदान कागदावर होतं. हे मंत्रबिंत्र एकदा घरात शिरलं की काय काय जातं ते मी लोकांच्या घरी पाहिलंय.

मग नवरा मोठ्याने म्हणाला, "ताणा... ताणा तुटला?"

समोरच्याने मान हलवली, बरोबर. परत ओठ हलले.

"अहो," नवरा एकेक शब्द जुळवत म्हणाला, "अहो, गॅसचा... नंबर... लावला का?"

समोरच्याने अंगठा दाखवला. पुन्हा ओठ, या वेळी भुवया उंचावून, एक हात कमरेवर ठेवून.

"लाइटचं बिल भरलं का, की तेही मीच भरू?"

दोघेही हसत सुटले. हात कमरेवर ठेवून ओठ हलवणारा तो माणूस मी होते. दाढीसकट.

तेवढ्यात हसता हसता त्या माणसाने मला पाहिलं आणि मीही त्याला ओळखलं. ते रशीदभाई. आमच्याच कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. कान अगदी गेले म्हणून त्यांनी काम सोडलं होतं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, ओठ "भाभी" असे हलले, आवाज निघालाच नाही.

"भाभी," नवऱ्याने शहाण्या विद्यार्थ्यासारखं वाचलं. "बरोबर? पुढे?"

रशीदभाईंनी नुसतं बोट दाखवलं. नवरा वळला.

"किती दिवस?" मी विचारलं. मोठ्याने नाही. तिथे इतकी शांतता होती की मोठ्याने बोलायची गरजच नव्हती, आणि ते त्याला ऐकू आलं.

"दिवाळीच्या आधीपासून कानाचं वाढलंय," तो म्हणाला. "इथे बरं येतं ऐकू. मागे आवाज नसतो ना. घरी लूम चालू असला की तू बोलतेस ते नुसतं दिसतं."

"आणि गच्चीवर?"

"फोनमधलं नाही कळत. गच्चीवर जरा कमी धडधड असते. फोन पूर्ण मोठा करून कानाला लावतो."

"मी आले की बंद का करायचा?"

"तू आलीस की विचारणार, कोणाचा फोन, काय म्हणाला. काय म्हणाला तेच मला कळलेलं नसायचं."

मला संताप आवरेना. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तू दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलंच असतं!"

"म्हणूनच. डॉक्टर कानाला मशीन लावणार. मशीन लावून कारखान्यात शिरलो की सगळ्यांना कळणार, मालकाला लूमचा आवाज येत नाही. कुठला लूम बिघडतोय ते आवाजावरून सांगायचं असतं. मग मला कोण विचारणार? त्यापेक्षा म्हटलं, ओठ वाचायला शिकू. कामगार सगळे वाचतात. त्या धडधडीत दुसरं काय करणार? आम्ही मालक केबिनच्या काचेआड बसलो, आम्हाला कधी गरज पडली नाही."

रशीदभाईंना आमचं भांडण ऐकू येत नव्हतं, पण ते दोघांच्या तोंडांकडे बघत सगळं वाचत होते, टेनिस बघतात तसे. ते मधेच म्हणाले, "मालिक, एक बात बोलू? कारखान्यात सबको मालूम है."

"काय मालूम है?"

"यही. कान का. पोरं तुमच्याशी हाताने बोलतात, तुम्ही बघितलं नाय? लूम बंद पडला तर तुमच्यासमोर येऊन उभे राहतात. पाठीमागून कोणी आवाज देत नाय. चार-पाँच महिन्यांपासून." मग माझ्याकडे वळून, "भाभी, आपको भी मालूम होगा, मुझे लगा."

मला माहीत नव्हतं. अख्ख्या कारखान्याला माहीत होतं आणि वर राहणाऱ्या मला नव्हतं. मी दुसऱ्याच गोष्टीवर पहारा ठेवून बसले होते.

नवरा त्या दरबाराच्या कोरीव कामाकडे बघत बसला. त्याचा चेहरा पडला होता. तो मला चिडवत नव्हता की लपवतही नव्हता, आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"पण घरात शिकायचं सोडून इथे कशाला?" काहीतरी बोलायचं म्हणून मी रशीदभाईंना सावकाश विचारलं.

"मोहल्ल्यात दोन बुढ्ढे समोरासमोर बसून मुंह हलवतील तर लोग पागल बोलतील," ते म्हणाले. "इथे देवी आहे. लोगांना वाटतं पूजा चालू आहे." मग त्यांनी ताडगोळा सोलून माझ्यापुढे धरला. "खाइए भाभी. आणि आता तुम्ही शिकवा. मेरी मूंछ बीच में आती है, त्यांना तुमचे शब्द नीट दिसत नाय."

ताडगोळा कोवळा निघाला. बाईने फसवलं नव्हतं. मी हात पुसले, रशीदभाईंच्या जागी बसले, आणि आवाज न करता नवऱ्याकडे बघून म्हटलं: सोमवारी डॉक्टर.

तो बराच वेळ बघत राहिला. "नाही समजलं."

मी पुन्हा म्हटलं. सावकाश. सो-म-वा-री.

"नाही गं येत." तो रशीदभाईंकडे बघायला लागला. रशीदभाई छताकडे.

मी तिसऱ्यांदा म्हटलं आणि वाट बघत बसले. मला घाई नव्हती. बाहेर ऊन चढत होतं, आतल्या खोलीत कोणीतरी घंटा वाजवली, त्यालाही ती ऐकू आली असावी कारण त्याने मान जरा वळवली. मग पानावरचा शेवटचा ताडगोळा उचलत तो म्हणाला,

"सोमवारी नको. सोमवारी बीम येणार आहेत. मंगळवारी जाऊ."

"पहिल्यांदाच समजलं होतं तुम्हाला!"

रशीदभाईंनी हे वाचलं आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "चला, मला जुम्म्याच्या नमाजाला पोचायचंय," आणि काठी घेऊन आमच्या आधी निघालेसुद्धा.

लेणं मी मग सावकाश बघितलं. भुयार नाही. एक काळोखा कोनाडा आहे, त्यात वटवाघळं आहेत.

उतरताना मी पुढे होते आणि नवरा मागे. बोलायचं झालं की थांबून, पूर्ण वळून, त्याच्या समोर उभं राहावं लागे. पाठमोरं बोलून भागत नव्हतं. त्यामुळे जिथे लोक धडाधड उतरतात तिथे आम्हाला भर उन्हात कितीतरी वेळ लागला. मी वळून म्हणाले, घरी गेल्यावर वरण-भात आणि सुकट करते. ते त्याला लगेच समजलं. मी वळून म्हणाले, मंगळवारी मशीन लावायला सांगितलं तर लावायचं, कारखान्यातसुद्धा. तो म्हणाला, ऊन डोळ्यावर येतंय, ओठ दिसत नाहीत.

मी दोन पावलं वर चढून त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले, म्हणजे ऊन माझ्या चेहऱ्यावर येईल, आणि पुन्हा म्हणाले.